वासाला वेळ होती

कुरकुंभला आमच्या घरात वासाला वेळ होती. तिन्हीसांजेला सासूबाई गोवरीचा रसरशीत निखारा धुपाटण्यात घ्यायच्या, वर चिमूटभर ऊद टाकायच्या. ऊद चरचरायचा, पांढरा धूर उठायचा. देवघर, माजघर, गोठा आणि शेवटी उंबरा. दारं-खिडक्या सताड उघड्या; पानं वाढेपर्यंत वास विरून गेलेला असायचा. नवरात्रात फिरंगाईच्या देवळात धूप, दिवाळीच्या पहाटे नागरमोथा-वाळा घातलेलं उटणं, बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी. एरवी सारवणाचा आणि भाकरीचा वास. पुढे गावाशेजारी रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि उग्र वास वेळीअवेळी वाऱ्यावर येऊ लागला.

वासाची वेळ मोडली ती मात्र त्याच्या कितीतरी आधी, दूर युरोपात. 1868 साली विल्यम पर्किनने कूमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं, 1874 मध्ये जर्मनीत व्हॅनिलिन तयार झालं. सुगंध स्वस्त झाला आणि हळूहळू साबणात, धुण्याच्या पावडरीत, फरशी पुसायच्या पाण्यात, कचऱ्याच्या पिशवीतसुद्धा शिरला. सणाचा वास रोजचा झाला.

कॅनडात हॅलिफॅक्सला आल्यावर हे मला लेकीमुळे उमगलं. हिवाळाभर खिडक्या बंद. वासाने तिचं डोकं ठणकायचं, छाती भरून यायची. या शहरात 1990च्या दशकापासून शाळा-दवाखान्यांतून ‘सुगंध लावून येऊ नका’ असं सांगतात. बाहेर लोक समजून घेत होते. त्रास घरातच होता. धुण्याची पावडर बदलली, तरी फरक पडेना. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या डब्यातही मूळचा वास दाबायला दुसरं सुगंधी द्रव्य असू शकतं. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ बघून घ्यायचं, हे उशिरा कळलं.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या, त्या उदबत्त्यांचे पुडे घेऊनच. नातीला धाप लागलेली पाहिली आणि त्यांनी पुडे स्वतः बांधून बाहेर ठेवले. ऊदही नको म्हणाल्या. धूर तो धूरच. “देवाला दिवा पुरतो गं,” एवढंच बोलल्या. तेव्हापासून आमच्याकडे निरांजन आणि हळद-कुंकू, बस्स. उटण्याऐवजी नुसतं डाळीचं पीठ आणि दूध. दिवाळी कुठेही उणी वाटली नाही.

आता भारतातून कुणी येणार असलं, की मी आधीच फोन करते. तुमच्याही ओळखीत असं घर असेल तर जाण्यापूर्वी विचारा, आणि त्या दिवशी अत्तर लावू नका.