दुरुस्त करून आणलेला लॅपटॉप तापतो, त्यामागची जुनी गोष्ट

महाड-पोलादपूरकरांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. घरात लॅपटॉप असेल तर उपयोगी पडेल.

२२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. चिखल काढून झाल्यावर पुढची धावपळ होती दुरुस्तीची. फ्रीज, मिक्सर, पाण्याच्या मोटारी आणि त्यांच्यासोबत कॉम्प्युटर, लॅपटॉप. कोरोनामुळे पोरांचे वर्ग ऑनलाइन होते, त्यामुळे लॅपटॉप ही चैन राहिली नव्हती. तेव्हापासून एक वाक्य माझ्या कानावर सारखं येतंय: "दुरुस्त करून आणला, चालूही झाला, पण आता जाम तापतो." त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "जुना झालाय, नवा घ्या."

मला हे उत्तर पटत नाही. दुरुस्तीआधी जो तापत नव्हता तो दुरुस्तीनंतर तापतो, तर आधी दुरुस्तीकडे बघायला नको का? आणि हे नेमकं का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

कॉम्प्युटर आणि उष्णता यांचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत जगापुढे आलेल्या 'एनियाक'मध्ये सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि तो साधारण १५० किलोवॅट वीज खायचा. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या 'टिफ्रॅक'मध्येही सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. मोठ्या खोलीतलं यंत्र, त्यामुळे उष्णता बाहेर काढायला जागा तरी होती.

यंत्र टेबलावर आलं तशी जागा संपली. १९८० मध्ये ॲपलने 'ॲपल थ्री' काढला, तोही पंख्याशिवाय. आवाज नको म्हणून. तो इतका तापायचा की आतल्या चिप खोबणीतून सैल व्हायच्या. मशीन दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा, म्हणजे चिप परत बसतील, असा सल्ला तेव्हा ग्राहकांना दिला गेला! दोन वर्षांनी आलेल्या 'ग्रिड कंपास' या सुरुवातीच्या लॅपटॉपने उलट केलं. त्याची मॅग्नेशियमची पेटीच उष्णता बाहेर टाकायची. २००४ मध्ये तर इंटेलला आपला एक येऊ घातलेला प्रोसेसर रद्द करावा लागला. वेग वाढवायचा तर उष्णता आवरेना.

लॅपटॉपमध्ये यावर जो उपाय रुळला तो म्हणजे हीट पाइप. १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तो अंतराळातल्या कामासाठी विकसित केला. तांब्याची बंद नळी, आत थोडंसं पाणी. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती थंड होऊन पुन्हा पाणी होते. भाताच्या पातेल्याच्या झाकणावर वाफेचे थेंब जमतात ना, तसंच. नळी चेपली की काम बिघडलं.

पण चिप आणि नळीखालची तांब्याची पट्टी एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. मध्ये केसाहून बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा. तांबं हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट चांगली उष्णता वाहतं, म्हणजे ही हवा भिंतच झाली. ती फट भरायला थर्मल पेस्ट लावतात. हजारो रुपयांच्या यंत्राचा जीव त्या पातळ थरावर. पट्टी एकदा उचलली की जुना थर तुटतो. तो पुसून नवा लावावाच लागतो.

आता दुरुस्तीचा मुद्दा. पूर्वी बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड वरून दोन-चार स्क्रू काढून निघायचा. २००८ चा मॅकबुक एअर, २०११ पासूनची अल्ट्राबुकं, या शर्यतीत लॅपटॉप पातळ झाले आणि कीबोर्ड तळाशी गेला. आज अनेक मॉडेलमध्ये कीबोर्ड बदलायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं बाहेर काढावं लागतं. काम कीबोर्डचं, पण धक्का लागतो थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. ती पोलादपूरची, कॉलेज महाडला. एका दुकानात कीबोर्ड बदलला. चार दिवसांत लॅपटॉप मांडीवर ठेवता येईना, ऑनलाइन परीक्षेच्या सरावात दोनदा बंद पडला. दुकानदार म्हणाला, "दादा, मी फक्त कीबोर्ड बदललाय, पंख्याला हात लावला नाही. बोर्ड गेला असेल." बोर्डाचा खर्च ऐकून तिच्या आईने पुढच्या वर्षी बघू म्हटलं. मग ओळखीच्या एका कारागिराकडे तो उघडला. पट्टीचा एक स्क्रू सैल, पेस्ट वाळून भुगा झालेली. साफ केलं, नवी पेस्ट लावली, स्क्रू क्रमाने आवळले. बोर्ड ठणठणीत होता. त्या दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे त्या मॉडेलचं मॅन्युअलच नव्हतं.

तुमचा तापत असेल तर बोर्डाचा खर्च करण्याआधी एवढं बघा. लॅपटॉप टेबलावर ठेवा, काम चालू करा आणि पंख्याच्या जाळीपाशी हात धरा.

वाराच येत नसेल तर पंख्याची वायर बसवायची राहिली असेल, किंवा पंखा अडकलाय. वारा येतोय पण गार, आणि बूड मात्र चटका देतंय, तर उष्णता चिपपासून जाळीपर्यंत पोचतच नाहीये. पेस्ट, स्क्रू किंवा चेपलेली नळी. वारा जोरात आणि गरम येत असेल तर यंत्रणा बहुधा नीट आहे, कामाचा भार जास्त आहे. विंडोज नव्याने टाकलं असेल तर एक-दोन दिवस मागे अपडेट चालू असतात, तेवढं थांबा. पुरात भिजलेल्या यंत्रात जाळीच्या पात्यांमध्ये गाळ सुकून बसतो, तो वरून फुंकून जात नाही. उघडूनच काढावा लागतो.

आपल्याकडचा उन्हाळाही धरा. २८ मार्च २०१७ ला आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. खोली जितकी तापते तितकी चिप वर चढते. साधारण १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, नाहीतर बंद पडतो. तो जळू नये म्हणून.

आणि टचपॅड वर उचलला गेलाय, बूड फुगलंय असं दिसलं तर वापर लगेच थांबवा, चार्जर काढा. बॅटरी फुगली आहे. २००६ मध्ये आगीच्या धोक्यामुळे एकट्या डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या.

आता सार्वजनिक मुद्दा. दुरुस्तीची माहिती कंपनीच्या कपाटात आणि दुरुस्ती करणारा पोरगा महाडच्या गाळ्यात, हे किती दिवस चालायचं? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही आलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कंपन्यांना मॅन्युअल, सुटे भाग आणि अवजारं स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना द्यावी लागतात. पुरानंतर इतकी यंत्रं पुन्हा उभी करणाऱ्या आपल्या कारागिरांना ती का मिळू नयेत?

तोवर आपल्या हातात काय? पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' आहे. त्यात कसूर झाली तर १९१५ वर फोन करता येतो. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण पुरावा लागतो. म्हणून यंत्र देताना आणि घेताना बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: काय काय उघडलं, कोणता भाग बदलला, पेस्ट नवी लावली का. आणि दुकानातच अर्धा तास चालवून जाळीपाशी हात धरा.

चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणणार नाही. उलट त्याचं काम कागदावर येईल. आणि कुणाच्या तरी पोरीचा चांगला लॅपटॉप भंगारात जायचा वाचेल.