गंगापूर धरणाकाठचा वाईनमेळा

नाशिकला द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि पावसाळा सरताना होणारी दुसरी फळासाठी. त्यामुळे वाईनची द्राक्षे इथे जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणीला येतात. युरोपात हेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरात चालते. सुलाफेस्ट हा वाईनमेळा फेब्रुवारीच्या तोंडावर भरतो तो या हिशेबाने. गुलाबी थंडी हा वरचा फायदा.

यजमान सुला व्हिनयार्ड्स. अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी धरणाजवळच्या घरच्या जमिनीत आधी आंबा आणि खाण्याची द्राक्षे करून पाहिली. 1997 मध्ये त्यांनी सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ हे वाण लावले. सल्ल्याला कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की होते. पहिली वाईन 2000 मध्ये बाजारात आली. नाव सुला, आईच्या सुलभा या नावावरून. तोवर महाराष्ट्रात वाईन म्हटले की नारायणगावचे शामराव चौगुले आणि त्यांची इंडाज कंपनी आठवायची. नाशिकचा बागायतदार थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षांत रमलेला होता. 2001 मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, विंचूरला वाईन पार्क झाला आणि शेजारी आणखी वायनरी दिसू लागल्या.

या वाटचालीतले मोठे वळण कोणी 2008 चे, म्हणजे पहिल्या मेळ्याचे सांगेल. मी 2005 चे सांगेन. त्या वर्षी सुलाने बागेतच चव घेण्याची खोली उघडली. टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही आणि दुकानदार काही बाटली उघडून घोट देत नाही. मग ज्याने वाईन कधी चाखलीच नाही त्याने ती विकत तरी का घ्यावी? त्याला मुंबईहून उचलून वेलींसमोर उभे करणे हाच उपाय होता. मेळा ही त्याच उपायाची मोठी आवृत्ती.

सुरुवातीची खेप आटोपशीर होती. पायऱ्यांच्या अर्धगोल खुल्या रंगमंचावर संगीत, खाण्याचे ठेले आणि लाकडी पिंपात अनवाणी द्राक्षे तुडवण्याची हौस. (विकायच्या वाईनची द्राक्षे यंत्रातच चिरडली जातात, हे तुडवणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.) पुढे बँडची नावे ठळक होत गेली आणि द्राक्षे पोस्टरच्या कोपऱ्यात सरकली. 2017 मध्ये दहावा मेळा झाला, तोवर त्याला संगीत महोत्सव म्हणणेच अधिक खरे होते. मला हे थोडे खटकते, पण गर्दी जमते ती त्यासाठीच. नाशिककरांचा सूर दुहेरी राहिला. हॉटेले भरतात म्हणून समाधान, आणि कुंभमेळ्याच्या गावात हे काय, अशी कुरकूरही.

कुरकुरणाऱ्यांनी एकदा नाशिकच्याच पांडवलेण्यांत जाऊन यावे. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याच सुमाराच्या, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदराच्या आयातीत वाईन आहे, त्यातही इटलीची पसंतीची. राजासाठी येणारी उंची वाईन वेगळी नोंदली आहे. त्या मुलखाचा राजा म्हणून त्यात जो नंबनस येतो, तो अभ्यासकांच्या मते नहपानच. म्हणजे सासरेबुवांच्या पेल्याची सोय समुद्रापलीकडून होत होती.

2020 चा मेळा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उरकला आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. नंतर पाच वर्षे रंगमंच मोकळा राहिला, कंपनी मात्र थांबली नाही. 2021 मध्ये तिने शेजारची यॉर्क वायनरी घेतली, डिसेंबर 2022 मध्ये ती शेअर बाजारात उतरली. त्याच वर्षी जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मान्यता दिली होती. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय कागदावरच राहिला. ग्राहकाला बागेत आणण्याची 2005 ची गरज त्यामुळे तशीच उरली. 2025 च्या फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत, मेळा पुन्हा भरला.