आजारी मुलीची चौकशी कोण करणार?

दुष्काळाचा इतिहास सांगताना आपण धान्याचे भाव सांगतो, मृत्यूंचे आकडे सांगतो. आज आम्ही एक वेगळा प्रश्न घेऊन आलो आहोत: दुष्काळातून उचलून आणलेलं मूल आजारी पडलं, तर त्याचं पुढं काय व्हायचं?

१८९६-९७ चा दुष्काळ. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली आणि बालविधवा पुण्याला घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीतच गेले होते, त्यामुळे हे दुःख त्यांना ऐकीव नव्हतं. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. वाढत्या बहिरेपणामुळे ते राहून गेलं.

आता अडचण बघा. मुली आल्या त्या हाडांचे सापळे होऊन, आणि नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात आणखी मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. गर्दीच्या घरात साथ पसरते, म्हणजे मनाईमागं कारण होतं, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण मुलींनी जायचं कुठं? रमाबाईंनी केडगावला जमीन घेतलेली होती. तिथं तंबूंत त्यांची सोय झाली. पुढं ‘मुक्ती’ उभी राहिली ती तिथंच.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. संशयित रोग्याला घरातून उचलून दवाखान्यात नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. रमाबाईंची एक मुलगी अशीच सरकारी प्लेग हॉस्पिटलात गेली, ती त्यांना परत मिळाली नाही. मे १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं: तिथं तरुण मुली सुरक्षित नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. विलायतेपर्यंत त्याची चर्चा झाली. मुंबई सरकारनं आरोप नाकारले.

आता कोणी म्हणेल, साथीच्या धामधुमीत एका मुलीचं काय घेऊन बसलात? आमचं म्हणणं असं, की इतिहासाचा मुद्दा तिथंच आहे. घरच्या मुलाला दवाखान्यात नेलं, तर आई दाराशी बसते. निराधार मुलाच्या दाराशी कोण बसणार? औषध, खाट, डॉक्टर ही व्यवस्था झाली. पण ‘आमची मुलगी कुठं आहे?’ असं विचारणारं माणूस नसेल, तर ती व्यवस्था कुणालाच उत्तर देत नाही. रमाबाईंनी ते विचारलं, आणि तेही सरकारला, छापून.

आज बालगृहात आलेल्या मुलाची वैद्यकीय तपासणी आणि आरोग्याची नोंद नियमानं बंधनकारक आहे. नोंद हवीच. पण ती वही उघडून मुलाची चौकशी करणारं माणूसही हवं. एवढं सांगून आम्ही थांबतो.