चावडीवर वाचलेला सातबारा

‘सातबारा’ हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच शिकलो. “भाऊसाहेब आजही भेटले नाहीत,” असं म्हणत अब्बा संध्याकाळी घरात शिरायचे. भाऊसाहेब म्हणजे आमचे तलाठी. त्यांच्याकडे आणखीही गावं होती, त्यामुळे एका उताऱ्यासाठी दोन-तीन हेलपाटे ठरलेलेच. दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि वरचा चहा. या खर्चाचा रकाना कुठल्याच सरकारी नमुन्यात नव्हता.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. कारभार सुटसुटीत करण्याचा एक मोठा प्रयोग याच तालुक्यात झाला, हे मला बी. ए. ला इतिहास वाचताना कळलं. १८१८ साली पेशवाई गेली, आणि पुढच्या दहा वर्षांत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी सुरू केली. साहेबाचं डोकं हिशेबी. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं ते काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे शेकडा ५५ सरकारचे. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. पण पिकाचे आकडे आणायचे कोणी आणि ते खरे कशावरून? मोजणी चुकली, धारा जड झाला, धान्याचे भाव पडले आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले.

मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापुरात आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचं गणितच सोडून दिलं. माती किती खोल, रंग कोणता, दगड-चुनखडी किती, एवढं पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली. गावाचा दर ठरवताना आजवरचा वसूल, पाऊसपाणी आणि बाजाराचं अंतर पाहिलं. धारा हलका केला आणि ३० वर्षांसाठी बांधून दिला. मला वाटतं, या दोघांची खरी हुशारी मोजण्यात नव्हती. काय मोजायचं नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

त्यांची साखळी ३३ फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. साहेबाचा एकर आणि आपला गुंठा असे चोख बसले, की आजही गावात कोणी जमिनीचं बोलताना हेक्टर-आर म्हणत नाही. आमची जमीन दोन एकर सतरा गुंठे. उताऱ्यावर ती ‘० हेक्टर ९८ आर’ अशी छापून येते, तेव्हा अब्बांना शेत आक्रसल्यासारखं वाटायचं.

मोजणी साहेबाची असली तरी गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असायचं, मोडीत लिहिलेलं आणि रुमालात बांधलेलं. कोणाची जमीन कोणाच्या ताब्यात, याची रीतसर हक्कनोंद १९०३ च्या कायद्याने आली. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. गाव नमुना सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. दोन्ही एका कागदावर आले तो सातबारा. महसूल, तहसील, दप्तर, वारस, नक्कल हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हे काही गेले नाहीत. माझ्या अम्माला अक्षर येत नाही, पण यातला एकही शब्द तिला समजावून द्यावा लागत नाही.

मग संगणक आला. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना काढली आणि पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता. आमच्याकडे ते वारं पुष्कळ उशिरा पोहोचलं. हाताने लिहिलेले उतारे कोणीतरी भराभर टंकून घेतले. तोवर अब्बा गेले होते आणि जमीन अम्माच्या नावावर चढली होती. छापील उतारा हातात आल्यावर मी क्षेत्र तपासलं, गट नंबर तपासला आणि घडी करून ठेवून दिला. पदवीधर मुलगा!

२०१७ साली संगणकातले सातबारे गावागावांत चावडीवर वाचून दाखवण्याची मोहीम निघाली. अम्मा हट्टाने आली. वाचणारा मुलगा आमच्या गटावर आला आणि त्याने नाव वाचलं. अम्मा पदर सावरत उठली. “ही बाई कोण?” तिच्या नावाच्या शेवटचा ‘बी’ जाऊन ‘बाई’ झाला होता आणि पुढे अब्बांच्या जागी शेजारच्या गटातल्या कोणाचं नाव चिकटलं होतं. चावडीवर हशा पिकला. मला मात्र घाम फुटला. उद्या वारसनोंद लावायची वेळ आली असती, तर कोणाची वारस म्हणून लागली असती? आधी मजकूर मोठ्याने वाचायचा, मगच मान्य करायचा, हे मी कवितेच्या बाबतीत नेहमी करतो. सातबाऱ्याला ते सुचलं नव्हतं.

दुरुस्तीचा अर्ज कलम १५५ खाली होतो. अर्जाला पुरावा लागला तो जुन्या, शाईने लिहिलेल्या उताऱ्याचा. तो अम्माच्या ट्रंकेत निघाला. पाच हेलपाट्यांनंतर नाव सुधारलं. साहेब सौजन्याने वागले, एवढं म्हटलं पाहिजे. फक्त प्रत्येक वेळी निराळे भेटले.

२०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, १५ रुपयांत. अब्बांच्या तीन हेलपाट्यांशी ताळा घातला तर हे फुकटच म्हणायचं. पहिला उतारा मी बाजारातल्या दुकानातून छापून आणला. अम्मा म्हणाली, “वाच.” मी वाचला. “परत वाच.” परत वाचला. मग तिने तो शाईच्या उताऱ्याबरोबर एकाच रुमालात बांधला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.