आकाशातले टँकर

शेलूच्या फलाटावर उभे राहिले, की पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता पुढे जाताना दिसतात. कर्जतला मात्र त्यांतील बहुतेक गाड्यांना थांबावे लागते. तेथे गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेतील लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बोरघाटातील चढ 37 मीटरमागे 1 मीटर इतका आहे. ही इंजिने मागून रेटा देत गाडी वर चढवतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. गाडी पुढे निघून जाते. मागच्या इंजिनांची आठवण मग कोणी ठेवत नाही.

लष्करी विमानांनाही असा मदतनीस लागतो. विमानाला सर्वांत जास्त जोर जमिनीवरून उठताना लागतो. किती वजन घेऊन उठता येईल याला मर्यादा असते. शस्त्रे अधिक घेतली तर इंधन कमी घ्यावे लागते आणि पल्ला घटतो. यावर तोडगा असा निघाला : थोडे इंधन घेऊन उडायचे आणि वर गेल्यावर दुसऱ्या विमानाकडून टाकी भरून घ्यायची.

हा प्रयोग अमेरिकेत सॅन दिएगो येथे 27 जून 1923 रोजी प्रथम यशस्वी झाला. वरच्या विमानाने रबरी नळी खाली सोडली आणि खालच्या विमानातील माणसाने ती हाताने पकडली. 1929 च्या जानेवारीत ‘क्वेश्चन मार्क’ नावाचे विमान याच रीतीने जवळजवळ 151 तास हवेत राहिले. त्या उड्डाणात नळी निसटून विमानाच्या प्रमुखाला पेट्रोलची आंघोळ झाली होती.

यानंतरच्या प्रकरणाचा संबंध आपल्या देशाशी येतो. ॲलन कॉबम या इंग्रज वैमानिकाने इंग्लंडहून कराचीपर्यंत (तेव्हा कराची हिंदुस्थानात होती) कोठेही न उतरता जाण्याचा बेत केला. 22 सप्टेंबर 1934 रोजी ते निघाले. वाटेत हवेत इंधनही मिळाले, पण इंजिनाच्या नियंत्रणातील एक छोटी पिन तुटली आणि त्यांना माल्टाला उतरावे लागले. कॉबम सुखरूप राहिले. त्यांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर इंधन देणारे विमान मात्र काम आटोपल्यावर त्याच दिवशी कोसळले. त्यातील चारही जण दगावले.

1949 मध्ये ‘लकी लेडी टू’ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाने 94 तासांत, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत चार वेळा इंधन घ्यावे लागले. हा विक्रम पुस्तकांत सापडतो. मात्र त्याला इंधन देणाऱ्यांपैकी एक टँकर फिलिपाइन्समध्ये खराब हवेत कोसळून नऊ जण मेले, हे क्वचितच सांगितले जाते.

आज दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत टँकरमधून लांब नळी सोडतात. तिच्या टोकाला फुलासारखी टोपली असते, आणि मागच्या विमानाने आपली पुढे काढलेली नळी त्या टोपलीत घालायची असते. दुसरीत टँकरच्या शेपटीखालील ताठ नळी एक माणूस नेम धरून मागच्या विमानात बसवतो.

धोका कोठे आहे, हे समजण्यासाठी सापेक्ष वेगाचा धडा आठवावा. कल्याणच्या पुढे मुंबईकडे जाताना दोन लोकल एकाच दिशेने शेजारून धावतात, तेव्हा समोरच्या खिडकीतला प्रवासी जागीच बसल्यासारखा दिसतो. विमानांचेही तसेच आहे. दोघांचा वेग ताशी पाच-सहाशे किलोमीटर असला, तरी टोपलीकडे सरकायचे ते ताशी 5 ते 9 किलोमीटरने, म्हणजे झपझप चालण्याच्या वेगाने. याहून हळू गेल्यास जोड बसत नाही. जोरात गेल्यास नळीत लाट उठते आणि ती चाबकासारखी उसळते. शिवाय टँकरमागची हवा ढवळलेली असते. इंधन घेणारे विमान क्षणाक्षणाला जड होत जाते आणि देणारे हलके. दोन्ही वैमानिकांना हा फरक सतत सावरावा लागतो.

तो सावरला नाही तर काय होते, हे 17 जानेवारी 1966 रोजी स्पेनमधील पालोमारेस गावाने पाहिले. सुमारे साडेनऊ किलोमीटर उंचीवर बी-52 हे बॉम्बफेकी विमान किंचित जास्त वेगाने टँकरच्या मागे आले आणि दोघांची टक्कर झाली. टँकरमधील चारही जण आणि बी-52 मधील सातांपैकी तिघे मेले. बी-52 मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब होते. तीन जमिनीवर पडले. त्यांपैकी दोघांतील साधी स्फोटके फुटून प्लुटोनियम शेतांत पसरले. अणुस्फोट झाला नाही. चौथा बॉम्ब समुद्रातून काढायला सुमारे 80 दिवस लागले. सुमारे 1,400 टन माती उचलून अमेरिकेत न्यावी लागली. उरलेली माती हलवण्याबाबत दोन्ही देशांची बोलणी 2015 सालापर्यंत चालूच होती. ज्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर हे घडले, त्यांना वर काय चालते याची कल्पनाही नव्हती.

अपघात अजूनही थांबलेले नाहीत. डिसेंबर 2018 मध्ये जपानजवळ अमेरिकेचे लढाऊ विमान व टँकर रात्रीच्या सरावात एकमेकांवर आदळले. सहा जण गेले आणि त्यांतील पाच टँकरचे होते. लढाऊ विमानात आसनासकट बाहेर फेकले जाण्याची सोय असते. टँकरमध्ये सहसा ती नसते.

आपल्या हवाई दलाने ही विद्या उशिरा घेतली. पुण्याच्या लोहगाव तळावर 2002 साली सुखोई-30 एमकेआय विमाने दाखल झाली. 2003 मध्ये आग्र्याला इल्यूशिन-78 टँकरांची तुकडी उभी राहिली. अशी सहा विमाने घेण्यात आली. प्रत्येकाला तीन नळ्या असतात. 10 सप्टेंबर 2018 रोजी अशाच टँकरने ‘तेजस’ला 20,000 फुटांवर 1,900 किलो इंधन दिले आणि वृत्तपत्रांत छायाचित्रे आली ती ‘तेजस’ची.

वर्गात सापेक्ष वेग शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. विद्यार्थ्यांना गणित सोडवू द्यावे आणि नंतर विचारावे : 1934 आणि 1949 मध्ये जे परतले नाहीत, त्यांचे काम कोणते होते? आमच्या मते इतिहासाच्या तासालाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.