पिकाची बंदूक, काडतूस आणि बिबट्या : आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचा हिशोब



ऊसतोड जवळ आली की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. यंदाही विचारला. शेजारच्या गावचा तरुण पोरगा आहे, वडिलांच्या नावावरची बारा बोअर आता त्याच्या नावावर होतेय. म्हणाला, "तात्या, रात्रीचं पाणी भरायला जावं लागतं. बिबट्यासाठी एल.जी. ठेवू का एस.जी.? का सरळ गोळीचं काडतूस घेऊ?"

एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण आमच्या घरात तीन पिढ्या पिकाची बंदूक आहे. तिनं काय राखलं आणि काय नाही राखलं ते मला माहीत आहे. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

ठासणीची बंदूक

१८५७ नंतर इंग्रजांनी लोकांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. कुर्गच्या कोडवा लोकांसारख्या थोड्यांना सूट मिळाली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र रानडुकरापासून ज्वारी राखायची म्हटली तरी अर्ज करायची वेळ आली.

आमच्या आजोबांकडे होती ती ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू टाकायची, वर चिंधी, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत चिंधी, परत ठासायचं, शेवटी मागे टोपी बसवायची. एक बार उडाला की पुन्हा एवढं सगळं. तोवर डुक्कर दुसऱ्याच्या शिवारात. त्यामुळे आजोबा बहुतेक वेळा छर्रे घालायचेच नाहीत. नुसत्या दारूचा बार काढायचे. माळ्यावर बसून रात्री दोन बार काढले की कळप डोंगराकडे वळायचा. छर्ऱ्यांचे पैसे वाचायचे आणि पीकही वाचायचं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये आपल्या कामाची गोष्ट आहे. खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, आणि ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर वीस इंचापेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही मिळू शकतो. याच वाटेनं आमच्या वडिलांकडे एकनळी बारा बोअर आली.

बारा बोअर म्हणजे काय

कित्येक परवानाधारकांनाही हे माहीत नसतं. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. नळीचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटर.

काडतुसाच्या नंबराचा हिशोबही असाच जुना, इंग्रजी औंसाचा. एक औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास. त्यात किती छर्रे बसतात यावरून नाव :

एल.जी. – ६
एस.जी. – ८
ए.ए.ए. – ३५
बी.बी. – ७०
४ नंबर – १७०
६ नंबर – २७०

म्हणजे एल.जी.चा एक छर्रा पावणेपाच ग्रॅमचा, तर ६ नंबरचा एक ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाचा. ६ नंबर तित्तिरासारख्या पाखरांसाठी, एल.जी. आणि एस.जी. मोठ्या जनावरासाठी. एकच जाड गोळी असलेलं काडतूस वेगळं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (हा कारखाना १८६९ सालचा) तयार होणारी 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडच्या जुन्या परवानाधारकांच्या ओळखीची.

आता खरी गोम. छर्रे नळीतून निघाल्यावर पसरतात. ढोबळ हिशोब असा की दर यार्डाला एक इंच. दहा पावलांवर वीतभर घेरा, चाळीस पावलांवर मीटरभर. एल.जी.चे छर्रे सहा-आठच. मीटरभर घेऱ्यात ते विखुरले तर जनावराला एखाददुसरा लागणार, तोही पोटात नाहीतर मांडीत. जनावर मरत नाही, जखमी होऊन पिकात शिरतं.

मी जन्मायच्या आधी, १९६८ साली आमच्याकडे हेच झालं. वडिलांनी हरभऱ्यातल्या डुकरावर एस.जी. मारलं. अंतर जास्त होतं. डुक्कर पडलं नाही, शेजारच्या उसात गेलं. सकाळी रक्ताचा माग काढत आमचा सालगडी आत शिरला आणि डुकरानं त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाडली. बैलगाडीतून तालुक्याला नेला, वाचला, पण पुढं आयुष्यभर लंगडत चालला. वडील मरेपर्यंत म्हणायचे, "त्या रात्री नुसता बार काढला असता तर गड्याचा पाय शाबूत असता."

मोठमोठ्या शिकाऱ्यांचंही तेच

हे आपल्यासारख्या अडाण्याचंच झालं असं नाही. कुमाऊँमधल्या पनारच्या बिबट्यानं चारशे माणसं मारली असं सांगतात. १९१० साली जिम कॉर्बेट त्याच्यावर बसला तो छर्ऱ्याची बंदूक घेऊन. बकरं बांधलेलं, अंधार गुडुप. पहिल्या बारात बिबट्या मेला नाही, जखमी झाला. मग गावकऱ्यांच्या हातात मशाली देऊन रात्रीच माग काढावा लागला. बिबट्या अंगावर आला तशी माणसं मशाली टाकून पळाली. खाली पडलेल्या मशालींच्या उजेडात कॉर्बेटनं शेवटचा बार टाकला म्हणून निभावलं. तो कॉर्बेट होता. आपण रात्रपाळीला पाणी भरणारी माणसं.

अस्वलाचीही तीच गोष्ट. आपल्या नगर भागात हा प्रश्न बिबट्याचा आहे, पण बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसावर अस्वल धावून येतं. ते झुडपातून अचानक, हाताच्या अंतरावरून येतं आणि तोंडालाच हात घालतं. खांद्यावरची बंदूक खाली घ्यायलाही वेळ मिळत नाही.

तिकडे अमेरिकेत अलास्कात घरोघरी बंदुका, आणि अस्वलासाठी छर्रा नको, बारा बोअरची एकच जाड गोळी घ्या, हा सल्ला जुना आहे. त्याच अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१२ साली मांडल्या. हाती बंदूक असून जिनं चालवली ती माणसं आणि जिनं चालवली नाही ती माणसं, दोघांच्या जखमी होण्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. त्याच मंडळींनी आधी, २००८ साली, मिरचीच्या फवाऱ्याचा अभ्यास केला होता. त्यात भुऱ्या अस्वलाच्या बाबतीत शंभरात ९२ वेळा फवाऱ्यानं काम भागलं होतं. म्हणजे गोळीचा नंबर निवडण्यापेक्षा ती वेळच येऊ न देणं जास्त उपयोगी ठरतं.

आपल्या उसात बिबट्या आला कसा

१९१९ साली हरिगावला बेलापूर कंपनी उभी राहिली. १९२६ ला भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू केला. जिथं पूर्वी कोरडी बाजरी व्हायची तिथं वर्षभर उभा, दाट, ओला ऊस आला. बिबट्याला सावली, पाणी आणि लपण मिळालं. वस्तीवरची कुत्री, शेळ्या हे खाणं मिळालं. डोंगरातली मादी उसात वीत राहिली. आज जो बिबट्या आपण बघतो तो उसातच जन्मलेला, उसातच वाढलेला.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ साली छापलेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला ४.८ मोठे बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात अशा भागात. खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा. जुन्नरचा त्यांचा दुसरा अभ्यासही लक्षात ठेवण्यासारखा आहे : पकडलेले बिबटे नेऊन दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले.

आपल्याच पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये एक बिबट्या विहिरीत पडला होता. त्याच्या गळ्यात पट्टा बसवून माळशेजला सोडला, तर तो चालत चालत थेट मुंबईला पोचला. तोच 'आजोबा'. वाटेत माणसांच्या इतक्या वस्त्या लागल्या, पण त्यानं कोणाला हात लावला नाही.

कायदा काय म्हणतो

१९७२ चा वन्यजीव कायदा. बिबट्या आणि अस्वल दोन्ही अनुसूची १ मध्ये. त्यांची शिकार म्हणजे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. माणसाला धोकादायक झालेला बिबट्या मारायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देतो, तीही पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही अशी खात्री पटल्यावर. पिकासाठीचा परवाना आहे म्हणून बिबट्यावर बार टाकता येत नाही.

पण कलम ११ (२) सुद्धा वाचा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे जनावराला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी आपण स्वतः कायदा मोडत असू, म्हणजे शिकारीलाच बसलो असू, तर ही सूट नाही. आणि मेलेलं जनावर सरकारचं. आणखी एक : अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन खात्याकडे नाव नोंदवायचं असतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या मंडळींनी हे बघून घ्यावं.

२०२४ ची दिवाळी

ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. दर निवडणुकीप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली. आणि नेमकी त्याच आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची. दोनच्या सुमारास मी आणि पोरगा उसाला पाणी धरत होतो. बॅटरी फिरवली तर बांधावर, वीस पावलांवर, बिबट्या बसलेला.

पोरगा माझ्या मागं सरकला. मी वाकलो नाही, पळालो नाही. हातात रिकामी बादली होती, ती खोऱ्यानं बडवली, मोठ्यानं ओरडत राहिलो. तो उठला, एकदा मागं बघितलं आणि उसात गेला.

त्या रात्री झोप लागली नाही. विचार करत होतो, बंदूक असती तर? एका हातात बॅटरी, हात ओले, पाय चिखलात, पोरगा पाठीशी. वीस पावलांवर हातभर पसरलेले छर्रे. लागले असते दोन, आणि जखमी बिबट्या आमच्याच तीन एकरात शिरला असता. आठ दिवसांनी त्याच उसाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या पडल्या. त्यांची लहान लेकरं तिथं पाचटात झोपतात. सालगड्याचा पाय आठवला आणि अंगावर काटा आला.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

बिबट्यासाठी चांगलं काडतूस म्हणून मी काही सांगणार नाही. परवाना ठेव, बंदूक साफ ठेव, कुलपात ठेव. पण रात्री पाण्याला जाताना हे कर :

एकटा जाऊ नकोस. मोबाइलवर गाणी मोठ्यानं लाव, बोलत जा. हातात काठी आणि चांगली बॅटरी. दारं मोडताना खाली बसून राहू नकोस, वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मार. वस्तीच्या कडेचा दहा-पंधरा फूट ऊस काढून मोकळी पट्टी ठेव. मेलेली कोंबडी, जनावर उघड्यावर टाकू नकोस. कुत्र्याला मेंढपाळ घालतात तसा खिळ्यांचा पट्टा घाल. २०२५ साली शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बायामाणसांवरच गळ्यात असे पट्टे घालून रानात जायची वेळ आली, इतकी गोष्ट गंभीर आहे. तोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, वन खात्याला कळवा. आई रात्री येऊन नेते. पिल्लू दिसलं नाही तर ती वस्तीभोवती पिसाळून फिरते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दिवसाची वीज. ग्रामसभेत ठराव करा, पाठपुरावा करा. रात्री दोन वाजता माणूस उसात उभाच राहिला नाही तर अर्धा प्रश्न तिथंच मिटतो. आजोबा नुसत्या दारूचा बार काढून पीक राखायचे. जनावर लांब ठेवायचं, मारायच्या फंदात पडायचं नाही, ही त्यांची रीत होती. तीन पिढ्यांनंतर मला तीच बरोबर वाटते.

संभाळून राहा. लेकराबाळांना अंधारात एकटं सोडू नका. राम राम.