खंदकवेष्टित वाडे, मध्ययुगीन

सभोवती पाण्याचा खंदक असलेली मध्ययुगीन यूरोपातील ग्रामीण निवासस्थाने. इंग्लंड व वेल्समध्ये अशी सु. ६,००० स्थळे ज्ञात असून त्यांपैकी बरीचशी मध्य व पूर्व इंग्लंडमधील चिकणमातीच्या प्रदेशात, विशेषतः एसेक्स व सफक परगण्यांत, आढळतात. त्यांतील बहुसंख्य खंदक १२५० ते १३५० या काळात खणले गेले. आयर्लंड व फ्लँडर्स येथेही अशी स्थळे आहेत.

खंदक बहुधा चौकोनी असे. त्याने वेढलेल्या बेटावर मालकाचे घर व क्वचित खाजगी प्रार्थनामंदिर असे; कोठारे व गोठे पुष्कळदा खंदकाबाहेर असत. खंदकाची माती बेटावर पसरल्याने घराची जागा उंच व कोरडी राही. खंदकात मासे पाळता येत आणि गुरांसाठी व आग विझविण्यासाठी पाणी जवळच मिळे.

असे खंदक चोरांना व श्वापदांना अटकाव करीत. तथापि शिस्तबद्ध सैन्याला रोखण्याइतके ते सहसा खोल वा रुंद नसत. घराला दंतुर तटबंदी करण्यासाठी राजाचा परवाना घेण्याची प्रथा होती. साध्या खंदकास त्याची गरज नसे. त्यामुळे किल्ला बांधण्याची ऐपत नसलेले छोटे जमीनदार, मठांची शेतघरे व काही सधन स्वतंत्र शेतकरीही त्याचा अवलंब करीत. संरक्षणापेक्षा प्रतिष्ठा हेच त्यांचे प्रमुख प्रयोजन होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ग्रामीण वसाहतीच्या इतिहासात या वाड्यांना विशेष महत्त्व आहे. काही गावांत ते चर्चलगत आहेत. उलट वॉरिकशरमधील आर्डेनसारख्या वनप्रदेशात ते सुटे व विखुरलेले आढळतात. तेथे बाराव्या-तेराव्या शतकांत जंगल तोडून नवी शेते काढणाऱ्यांच्या विस्ताराचे ते द्योतक होत. १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीनंतर लोकसंख्या घटली, मजुरी वाढली व नवे खंदक कमी झाले. तरीही ही परंपरा एकाएकी खंडित झाली नाही : नॉरफॉकमधील ऑक्सबर्ग हॉल या विटांच्या खंदकवेष्टित वाड्यास १४८२ मध्ये परवाना मिळाला. केंटमधील चौदाव्या शतकातील आइटम मोट हा वाडाही सुस्थितीत आहे.

अनेक ठिकाणी मात्र केवळ रिकामे बेट व बुजत चाललेला चर उरला आहे. खंदकाच्या ओल्या गाळात लाकूड, चामडे, बिया व परागकण टिकून राहतात. विसाव्या शतकात यांत्रिक नांगरट व निचऱ्याची कामे यांमुळे असंख्य खंदक बुजले. गाळ सुकताच हे अवशेष कुजतात आणि ज्यांच्याविषयी लेखी कागदपत्रे क्वचितच आढळतात, अशा सामान्य ग्रामीण कुटुंबांच्या जीवनाचा पुरावा कायमचा नष्ट होतो.